पडदा वर जाताना : मेलेल्यांना उठवणारे सर

गेल्या अंकात मी सहज लिहून गेलो, की शाळेच्या नाटकावरचा माझा सगळ्यात लाडका सिनेमा मराठी नाही, हिंदीही नाही, अमेरिकन आहे. नाव सांगायच्या आत सदराची जागा संपली. त्यावर आलेल्या पत्रांपैकी निम्म्यांत नुसतं नाव विचारलंय आणि निम्म्यांत आपापल्या गॅदरिंगचं रडगाणं आहे. डिसेंबर तोंडावर आलाय, तेव्हा दोन्ही घेतो.

सर, सिनेमाचं नाव सांगून टाका. गॅदरिंग आटोपल्यावर आम्ही आठ-दहा जण स्टाफरूममध्ये बसून बघू म्हणतोय. फार गंभीर नको, वर्षभर गंभीरच चाललेलं असतं. (एक शिक्षिका, चिपळूण)

बाई, नाव आहे ‘हॅम्लेट टू’. साल 2008. दिग्दर्शक अँड्र्यू फ्लेमिंग, लेखन त्याचं आणि पॅम ब्रॅडी यांचं. मुख्य काम स्टीव्ह कूगन या ब्रिटिश विनोदी नटाचं.

गोष्ट घडते अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात, टूसॉन नावाच्या शहरात. (चित्रीकरण मात्र शेजारच्या न्यू मेक्सिकोत, आल्बुकर्कीला झालं. वाळवंट इकडून तिकडून सारखंच दिसतं.) तिथल्या हायस्कुलात डेना नावाचे नाटकाचे सर आहेत. आडनाव असं, की उच्चारताना समोरच्याची जीभ अडकते. कधीकाळी नट व्हायचं होतं, झाले जाहिरातीत तोंड दाखवण्यापुरते. आता पगार बेताचा, बायको कावलेली, घरात एक पोटभाडेकरू, आणि सर शाळेत जातात ते चाकाचे बूट घालून, रस्त्याच्या कडेनं घरंगळत. त्या बुटांवरून ते इतक्या वेळा आपटतात, की शेवटी शेवटी आपलंच ढोपर दुखायला लागतं.

सरांच्या नाटकाच्या वर्गात मनापासून आलेली मुलं किती? दोन. एक मुलगा, एक मुलगी. त्या दोघांना घेऊन ते गाजलेल्या सिनेमांची नाटकं करतात. ‘एरिन ब्रॉकोविच’ हा अख्खा कोर्टकचेरीचा सिनेमा दोन पोरांत, शाळेच्या स्टेजवर. मग शाळेच्या वार्तापत्रात परीक्षण छापून येतं. लिहिणारा कोण, तर ओठावर मिसरूडही न फुटलेलं एक पोर. हे पोर सरांच्या नाटकांची अशी सालं काढतं, की वाचून सर कोसळतात.

बाई, माझं हसू तिथंच पहिल्यांदा थांबलं. गॅदरिंगच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यापाशी उभं राहून, पाठमोऱ्या अवस्थेत, मागच्या बाकावरची कुजबुज मी सव्वीस वर्षं ऐकलेली आहे. “सरांचं नाटक कसलं बोअर होतं रे.” खडू हातात तसाच राहतो. वळून कोणाला पकडायचं? आणि पकडून म्हणायचं काय, की नव्हतं बोअर?

तर पुढं काय होतं, शाळा पैसे वाचवायला एकेक ऐच्छिक विषय बंद करते. दुसरीकडे जागा न मिळालेली मुलं नाटकाच्या वर्गात येऊन कोंबली जातात. बहुतेक मेक्सिकन वंशाची, नाटकाशी देणंघेणं शून्य. त्यातच नाटकाच्या वर्गावरही कुऱ्हाड येणार असं कळतं. आता काहीतरी दणक्यात केलं तरच वाचू, म्हणून सर स्वतः नाटक लिहायला बसतात. कशाचं, तर शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चा पुढचा भाग.

तुम्ही बघाल तेव्हा एका गोष्टीकडे लक्ष द्या. ‘एक तळमळीचा शिक्षक येतो आणि वाया गेलेल्या मुलांचं आयुष्य उजळवतो’ अशा धाटणीचे सिनेमे आपण ढिगानं पाहिलेत. या सरांनीही पाहिलेत, आणि त्यांच्या डोक्यात तेच भरलंय. ऑक्टेव्हिओ नावाच्या मुलाला घरून नाटकात काम करायला बंदी होते. सरांची खात्री, की अडाणी, कडक, गरीब घर असणार. ते उद्धाराच्या आवेशात तिथं जातात, तर घर सुखवस्तू, आईवडील चांगले शिकलेले, पोरगं अभ्यासात पुढं. त्यांची हरकत एवढीच, की संहिता वाईट आहे. सरांचं तोंड बघण्यासारखं होतं. उद्धार करायला आलेल्या माणसाला उद्धार करायला कोणी मिळू नये, याच्यासारखी पंचाईत नाही.

जानेवारी 2008 मध्ये सनडान्सच्या महोत्सवात हा सिनेमा दाखवला, आणि फोकस फीचर्स या कंपनीनं तो 1 कोटी डॉलरला उचलला. छोट्या सिनेमाला एवढी रक्कम म्हणजे डोळे पांढरे व्हावेत. ऑगस्टमध्ये तो थिएटरांत लागला, तेव्हा अमेरिकेत तिकीटबारीवर त्याच्या निम्म्याच्या आसपास जमले. सरांचाच सिनेमा तो, नशीबही सरांचंच घेऊन आला.

आमच्या नववीच्या मुलांना दाखवला तर चालेल का? (मुख्याध्यापिका, सातारा जिल्हा)

नाही. अमेरिकेतच त्याला ‘आर’ प्रमाणपत्र आहे, म्हणजे सतरा वर्षांखालच्यांनी मोठ्यांबरोबरच बघायचा. शिव्या आहेत, चावटपणा आहे, नाटकातलं एक गाणं ख्रिस्ताबद्दल आहे आणि ते भाविकांना झोंबणारं आहे. स्टाफरूमचं दार लावून घ्या, आणि स्टाफरूममध्येही कोण कोण बसलंय ते आधी बघून घ्या.

त्यात एक नटी नट्यांचं जग सोडून नर्स झालेली दाखवलीय. ती खरंच नर्स झाली? (वाचक, डोंबिवली)

नाही हो. ती एलिझाबेथ शू. 1984 च्या ‘कराटे किड’मधली मुलगी, पुढं ‘लीव्हिंग लास व्हेगस’साठी तिला ऑस्करचं नामांकनही मिळालं. इथं ती स्वतःचंच नाव लावून स्वतःचीच थट्टा करते. सिनेमाला कंटाळून टूसॉनच्या दवाखान्यात नर्स झालेय, असं नाटक. सर तिला वर्गात घेऊन येतात आणि मुलांना ती कोण हे ठाऊकच नसतं. नावाजलेल्या नटीनं असली भूमिका घ्यायला काळीज लागतं.

सर, ‘हॅम्लेट’मध्ये शेवटी सगळे मरतात असं आम्हाला इंग्रजीच्या मॅडमनी सांगितलं. मग दुसरा भाग कसा काय होईल? (इयत्ता नववी, नाशिक)

शाब्बास. हाच प्रश्न सिनेमातही लोक सरांना विचारतात, आणि सरांकडे पटण्यासारखं उत्तर नसतं.

मोजूया आपण. दरबारी पोलोनियस पडद्याआड लपलेला असताना भोसकला जातो. त्याची मुलगी ऑफेलिया पाण्यात बुडते. हॅम्लेटचे जुने मित्र रोझेनक्रांट्झ आणि गिल्डनस्टर्न यांना इंग्लंडात ठार केल्याची बातमी येते. मग शेवटच्या प्रवेशात राणी विषाचा पेला पिऊन, ऑफेलियाचा भाऊ लेआर्टिस विषारी तलवारीनं, राजा क्लॉडियस तलवारीनंही आणि विषानंही, आणि सगळ्यात शेवटी हॅम्लेट. आठ झाले. हॅम्लेटचा बाप तर पडदा वर जायच्या आधीच गेलेला, त्याचं भूतच तेवढं येतं. धडपणे उरतो तो हॅम्लेटचा मित्र होरेशिओ, गोष्ट सांगायला.

सिनेमातल्या सरांनी तोडगा काढलाय काळयंत्राचा. हॅम्लेट यंत्रात बसून मागं जातो आणि एकेकाला मरायच्या आत वाचवतो. सोबतीला कोण, तर येशू ख्रिस्त, आणि ते काम सर स्वतः करतात. विचारू नकोस का. तू मोठा झालास की बघ.

आणि हे लक्षात ठेव, मॅडमना सांगून टाक, भाव खाशील: हे नाटक मराठीत पहिल्यांदा आणणाऱ्यांत गोपाळ गणेश आगरकर होते. तेच, समाजसुधारक. 1883 साली त्यांनी ‘विकारविलसित’ या नावानं भाषांतर छापलं. शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशांनी ते रंगभूमीवर असं गाजवलं, की महाराष्ट्राला हॅम्लेट म्हणजे गणपतराव असंच वाटायचं. अलीकडे, 2018 मध्ये, नाना जोगांचं भाषांतर घेऊन चंद्रकांत कुलकर्णींनी ते बसवलं, सुमीत राघवन हॅम्लेट. दुसऱ्या भागाच्या फंदात यांतलं कोणी पडलं नाही. तसलं काम आमच्यासारख्या शाळामास्तरांचं.

सर, ओळखलंत का? 1996 चा सुधाकर. तुमचा लेख वाचून बायकोला म्हटलं, सरांना तो सिनेमा का आवडला असेल ते मला माहीत आहे. पेला आठवतो ना? (तुमचा माजी विद्यार्थी, मिरज)

अरे गाढवा, आठवतो तर! आणि तू लिहिलंच आहेस, तर आता सगळ्यांसमोर सांगतो, म्हणजे उद्या तू आणखी तिखटमीठ लावून सांगायला नको.

वाचकहो, मी सांगलीचा. इथं 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं, त्यामुळे इथल्या मातीत जन्मलेल्या प्रत्येक मास्तराला आपण नाटककार आहोत असा संशय असतोच. तर 1996 च्या गॅदरिंगला मी नववीकडून ‘एकच प्याला’चा पुढचा भाग करायचं ठरवलं. गडकऱ्यांचं मूळ नाटक तुम्हाला ठाऊक आहे. हुशार वकील सुधाकर दारूच्या आहारी जातो, संसाराची राखरांगोळी होते, सिंधू जाते, आणि सुधाकर शेवटचा प्याला विषाचा घेतो. 1919 मध्ये बडोद्याला गंधर्व मंडळीनं पहिला प्रयोग केला तेव्हा सिंधू खुद्द बालगंधर्व. गडकरी तो प्रयोग बघायला उरले नव्हते, महिनाभर आधीच गेले होते.

मी काय केलं? मेलेली सगळी माणसं उठवून बसवली. सिंधू मरतच नाही. सुधाकर शुद्धीवर येऊन प्याला भिरकावतो आणि व्यसनमुक्ती केंद्रात दाखल होतो. तळीरामाला मी त्या केंद्राचा पहारेकरी केला. चाळीस मिनिटं, तीन अंक. आता वाचलं तर माझं मलाच कळत नाही की एवढी स्वगतं चौदा वर्षांच्या पोरांच्या तोंडी मी का घातली.

पहिली ठिणगी पडली बाटलीवरून. मुख्याध्यापक म्हणाले, शाळेच्या रंगमंचावर बाटली दिसणार नाही. मी म्हटलं, सर, नाटकाचं नावच ‘प्याला’ आहे. ते म्हणाले, प्याला चालेल, बाटली नाही. म्हणून सुधाकरच्या पुढ्यात आम्ही तांब्या ठेवला. पाठीमागच्या रांगांतल्या पालकांना पहिली दहा मिनिटं तो ताक पितोय असंच वाटत होतं. एक आजी तर मोठ्यांदा म्हणाल्या, “अगं, पोराला तहान किती ती!”

मग आला शेवटचा प्रवेश. सिंधू कोसळलेली. आठवड्यापूर्वीच तिनं मला बजावलं होतं, “सर, मी दहा मिनिटं डोळे मिटून पडणार नाही, मला शिंक येते.” सुधाकर उठतो, प्याला वर धरतो, माझं लाडकं वाक्य म्हणतो, “हा एकच प्याला, आणि हाच शेवटचा!”, आणि प्याला भिरकावतो. तालमीत तो नेहमी विंगेकडे जायचा. त्या दिवशी स्टीलचा पेला स्टेजवर आपटला, गोल गोल फिरला, कडेपर्यंत गेला, क्षणभर थांबला, आणि खाली पडून थेट प्रमुख पाहुण्यांच्या बुटापाशी जाऊन थबकला. खडखड असा आवाज झाला की मागची कुजबुजसुद्धा बंद.

पाहुणे सज्जन गृहस्थ. त्यांनी वाकून पेला उचलला, रुमालानं पुसला, आणि उभं राहून स्टेजच्या कडेवर नीट ठेवला.

आणि या सुधाकरनं, जो आता मिरजेत संसार करून बसलाय, काय करावं? पुढं येऊन पेला उचलला, पाहुण्यांना नमस्कार केला, “आभारी आहे” म्हणाला, आणि तांब्यातून ओतून पिऊन टाकला!

हॉल कोसळला. सिंधू मेलेल्या अवस्थेत इतकी हसली, की उठून बसली. म्हणजे ती जिवंत झाली हे खरं, पण मी लिहिलं होतं त्या कारणानं नाही. विंगेत मी डोकं धरून बसलो होतो. प्रॉम्प्टर म्हणून जी मुलगी ठेवली होती ती संहिता घेऊन माझ्याकडे वळली आणि म्हणाली, “सर, आता कुठलं पान?”

आता खरं. त्या सिनेमाचं मर्म मला कळलं ते 2009 मध्ये, पुण्यात मुलीकडे डीव्हीडीवर बघताना. नाटक चालू आहे, लोक बाहेर निषेध करताहेत, आत वेडगळ गाणी, आणि मध्येच लक्षात येतं की या सरांना हॅम्लेटशी काही घेणंदेणं नाही. त्यांचं भांडण आपल्या बापाशी आहे. हॅम्लेटनं बापाला माफ करावं म्हणून हे सगळं काळयंत्र. मी डीव्हीडी थांबवली आणि स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन आलो. मुलगी म्हणाली, “बाबा, कंटाळा आला का?”

माझे थोरले काका पीत. गावात सगळ्यांना ठाऊक होतं, आमच्या घरात कोणी बोलायचं नाही. काकू मला आठवते ती चुलीपुढं बसलेली, पदरानं तोंड पुसत. ती गेली तेव्हा मी अकरावीला होतो. 1996 मध्ये सिंधूला उठवायचा हट्ट मी कशासाठी धरला होता, हे मला तेरा वर्षांनी, एका इंग्रजी नटाला चाकाच्या बुटांवरून पडताना बघत असताना कळलं. तुम्हा पोरांना काही त्यातलं माहीत नव्हतं, आणि बरंच होतं. तुम्ही हसून घेतलंत. शाळेचं नाटक मुलांचं असतं असं आपण पत्रिकेवर छापतो, पण संहिता लिहून चाळीस मिनिटं पोरांना स्वगतं पाठ करायला लावणारा माणूस कोणी वेगळा असतो. त्या सिनेमातली मुलं हे सरांआधी ओळखतात. तूही ओळखलं होतंस का रे तेव्हा? लिही कधीतरी.

आम्ही अमेरिकेत राहतो, मुलगी हायस्कूलला आहे. सिनेमात शाळा नाटकावर बंदी घालते आणि मग वकील येते. शाळेला खरंच असा अधिकार असतो? की विनोदासाठी आहे? (वाचक, न्यू जर्सी)

ताई, मी वकील नाही, पण मास्तर म्हणून या दोन खटल्यांची माहिती ठेवलेली आहे.

1969 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयासमोर आयोवा राज्यातल्या डे मॉइन शहरातली मुलं होती. व्हिएतनाम युद्धाचा निषेध म्हणून त्यांनी दंडाला काळी पट्टी बांधली आणि शाळेनं त्यांना घरी पाठवलं. न्यायालय सात विरुद्ध दोन मतांनी म्हणालं, की शाळेच्या दारात शिरताना मुलं आपलं अभिव्यक्तिस्वातंत्र्य बाहेर ठेवून येत नाहीत. खटल्याचं नाव टिंकर. हा आपल्याला सोयीचा.

दुसरा गैरसोयीचा. 1988, हेझलवूड, मिसूरी राज्य. शाळेच्या वर्तमानपत्रात अल्पवयीन मातृत्व आणि घटस्फोट यांवर लेख होते, मुख्याध्यापकांनी ती पानंच काढून टाकली. न्यायालयानं पाच विरुद्ध तीन मतांनी मुख्याध्यापकांची बाजू घेतली. शाळेच्या नावानं, शाळेच्या देखरेखीखाली जे होतं, त्यावर शैक्षणिक कारणासाठी शाळा कात्री चालवू शकते. शाळेचं नाटक सर्वसाधारणपणे या दुसऱ्या कप्प्यात जातं. म्हणून सिनेमातली मुलं नाटक शाळेबाहेर, एका पडीक गोदामात नेतात, ते नुसतं नाट्यमय वळण नव्हे. स्टेज शाळेचं नाही म्हटल्यावर मुख्याध्यापकांचा हात तिथवर पोचत नाही. वकीलबाई झालेली एमी पोलर मात्र खटल्यापेक्षा कॅमेऱ्यांवरच जास्त नजर ठेवून असते, हा भाग निव्वळ विनोदाचा.

आणि आपल्याकडे? महाराष्ट्रात सार्वजनिक प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते. ‘सखाराम बाइंडर’साठी 1972 मध्ये कमलाकर सारंगांना कोर्टाची पायरी चढावी लागली, हा इतिहास सगळ्यांना माहीत आहे. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मात्र हे मंडळ एकाच माणसाचं असतं, आणि तो माणूस बाटली नको म्हणाला की तांब्या आणायचा.

सर, मला दोन आठवडे दिलेत, वर्गात चाळीस मुलं, सगळ्यांना काम हवंय. नाटक कुठलं घेऊ? लेखकाची परवानगी लागते का? माईक दोनच आहेत. मी यंदाच शाळेत लागले. (एक शिक्षिका, लातूर)

बाई, परवानगीचं आधी. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात शाळेला सूट आहे. शाळेच्याच शिक्षकांनी-मुलांनी प्रयोग केला, आणि बघायला शाळेचे लोक, पालक आणि शाळेशी संबंधित मंडळीच असतील, तर हक्कभंग होत नाही. तिकीट लावलंत, गावासाठी दार उघडलंत, किंवा तेच नाटक स्पर्धेला नेलंत, की लेखकाला किंवा वारसांना पत्र लिहायचं आणि मानधन विचारायचं. लेखक जाऊन साठ वर्षं उलटली असतील तर तोही प्रश्न नाही. गडकऱ्यांचं काहीही घ्या, कोणी विचारणार नाही. त्यांना भाग दोन मात्र जोडू नका.

चाळीस मुलांसाठी लांबलचक दोन अंकी बालनाट्य घेऊ नका, दोन आठवड्यांत होणार नाही. वीस-बावीस मिनिटांचं घ्या, ज्यात बाजार आहे, जत्रा आहे, एसटी स्टँड आहे, राजाचा दरबार आहे. म्हणजे गर्दीला कारण मिळतं. झाडं उभी करू नका. झाडाचं काम केलेला मुलगा तीस वर्षांनीही आठवण काढतो, आणि चांगली काढत नाही. गर्दीतल्या प्रत्येकाला एक वाक्य द्या, अगदी “ओ, सुट्टे द्या!” एवढं का असेना. घरी जाऊन आईला म्हणून दाखवायला काहीतरी लागतं.

माईक दोन असतील तर दोन्ही स्टेजच्या पुढच्या कडेला, उंचीनं लहान मुलांच्या तोंडाच्या थोडे खाली, आणि बोलणाऱ्याला तिथवर चालत आणा. मुलं माईकसमोर सरकत नाहीत, तुम्ही चाल बसवा. “आता दोन पावलं पुढे, मग वाक्य” असं रोज म्हणून घ्या. गळ्यात अडकवायचे माईक मिळाले तरी नको, मुलं त्याच्याशी खेळतात आणि विंगेतली भांडणं अख्ख्या हॉलला ऐकू येतात.

नेपथ्याला एक फ्लॅट (चौकटीवर ताणलेलं रंगवलेलं कापड) आणि दोन स्टुलं पुरे. ब्लॅकआउट कमीत कमी ठेवा, अंधारात मुलं एकमेकांना चिमटे काढतात. प्रॉम्प्टर शांत मुलीला करू नका, तिचा आवाज कोणापर्यंत पोचत नाही. वर्गात सगळ्यात जास्त बडबडणाऱ्याला करा, त्याला सगळ्यांची वाक्यं आपोआप पाठ होतात. रंगीत तालीम आदल्या दिवशी न घेता दोन दिवस आधी घ्या, कारण आदल्या दिवशी स्टेजवर मंडपवाला असतो आणि तो हलत नाही.

पाहुणे पहिल्या रांगेत असतील तर स्टेजच्या कडेपासून रांग चांगली दहा फूट मागं ठेवा. प्याला, कप, मडकं जे काही हातात द्याल ते कागदाचं किंवा प्लास्टिकचं असू दे. स्टीलचं अजिबात नको.